दीड तासाची शर्यत लांब की आखूड?

रविवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या देवनारच्या घरी टीव्हीवर फॉर्म्युला वन लागतं. युरोपात तेव्हा भरदुपार असते, आपल्याकडे दिवेलागण. एकदा मे महिन्यात कल्याणचा भाचा राहायला आला होता, वय पंधरा. पहिल्या दहा फेऱ्या त्याने डोळे फाडून बघितल्या. विसाव्या फेरीला मोबाइल बाहेर आला. तिसाव्या फेरीला, आत कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, त्याने विचारलं, "मामा, हे दीड तास कशाला पळवतात? अर्ध्या तासात संपवलं तर काय बिघडेल? हायलाइट्स तर आठ मिनिटांचे असतात."

प्रश्न पोरकट नाही. खुद्द फॉर्म्युला वनचे प्रमुख स्टेफानो डोमेनिकाली यांनी २०२५ मध्ये असंच काहीसं बोलून दाखवलं होतं: तरुण प्रेक्षकांना मुख्य शर्यत जरा लांब वाटते, याचा विचार करावा लागेल. जुने शौकीन खवळले. मीही खवळलो होतो. पण खवळल्याने पोराचं समाधान होत नाही. मग पुढचे दोन-तीन दिवस त्याला तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे जरा ओळीने मांडतो.

१. देवनारची खेप

आधी लांबी म्हणजे किती, ते अंगात भिनायला हवं. 'तीनशे पाच किलोमीटर' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच येत नाही.

आमच्या घराजवळून ईस्टर्न फ्रीवे सुरू होतो. शिवाजीनगरजवळ घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरून चढायचं, पांजरापोळच्या बोगद्यातून जायचं, मिठागरं आणि माहुलच्या टाक्या मागे टाकायच्या आणि पी. डिमेलो रोडवर ऑरेंज गेटला उतरायचं. २०१४ मध्ये आमच्या बाजूचं टोक सुरू झालं, तेव्हापासून हा सगळा रस्ता सुमारे १७ किलोमीटरचा आहे. जाऊन-येऊन ३४. टेम्पोवाले म्हणतात तशी ही एक खेप.

आता हिशेब करू. फॉर्म्युला वनचा नियम असा, की ज्या फेरीला एकूण अंतर ३०५ किलोमीटरच्या वर जाईल, त्या फेरीला शर्यत संपते. (मोनॅकोच्या चिंचोळ्या रस्त्यांवर सूट आहे, तिथे २६० किलोमीटरच.) म्हणजे नऊ खेपा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं भारताची ग्रां प्री झाली. तिथली एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, आणि फेऱ्या ६०. वेळ लागायचा दीड तासाच्या आसपास. नऊ खेपा नव्वद मिनिटांत, म्हणजे देवनारहून ऑरेंज गेटला जाऊन परत यायला दहा मिनिटं. भाच्याने इथे पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

नियमात वेळेचीही मर्यादा आहे. पाऊस, अपघात काहीही झालं, तरी प्रत्यक्ष धावणं दोन तासांवर जात नाही.

२. पूर्वी किती होती?

१८९५ मध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत पॅरिसला यायची शर्यत झाली. अंतर ११७८ किलोमीटर, आपल्या जवळपास ३५ खेपा. एमिल लेव्हासॉर हा गडी ४८ तास ४८ मिनिटांत परत आला. सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर, म्हणजे लिंक रोडवर संध्याकाळी सहाला रिक्षा चालते त्याहून थोडा बरा. त्याच्या मागचा गडी सहा तासांनी पोचला. तरी पहिलं बक्षीस लेव्हासॉरला मिळालं नाही, कारण नियमात चार आसनांची गाडी हवी होती आणि त्याची दोन आसनांची होती.

तिथून पुढे शर्यती आखूडच होत गेल्या, आणि त्याचं कारण कंटाळा नव्हतं. १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत इतकी माणसं मारत निघाली, की फ्रेंच सरकारने ती बोर्दोलाच थांबवली. इटलीची सुमारे १६०० किलोमीटरची मिले मिलिया १९५७ च्या अपघातात प्रेक्षक मेल्यावर शर्यत म्हणून बंद झाली. गावागावांतून जाणारा रस्ता हजार किलोमीटर राखता येत नाही, हे माणसं मेल्यावर कळलं. मग शर्यती बंदिस्त ट्रॅकवर आल्या, आणि लांबी किती ठेवायची हे माणसांच्या हातात आलं.

३. टायरचं गणित

दीड तासात नेमकं काय घडतं, हे इथून समजतं. त्यामुळे जरा थांबू.

शर्यतीत टायर दोन-तीन जातींचे मिळतात. मऊ टायर रस्त्याला घट्ट धरतो, गाडी पळते, पण तो लवकर झिजतो. कडक टायर हळू, पण टिकाऊ. घरातली उपमा द्यायची तर पेन्सिल आणि खोडरबर. मऊ खोडरबर स्वच्छ पुसतो आणि महिन्यात संपतो. कडक खोडरबर कागद खरवडतो, पण वर्षभर दप्तरात असतो.

आता सोपे आकडे घेऊ, हे आकडे मी सोयीसाठी ठरवलेले आहेत. पहिल्या फेरीत मऊ टायर कडकपेक्षा एक सेकंद जलद. पण दर फेरीला त्याची ही बढत सेकंदाच्या दहाव्या भागाने कमी होते. दुसऱ्या फेरीत ०.९ ची बढत, तिसरीत ०.८, असं करत अकराव्या फेरीत शून्य, आणि बाराव्यापासून तो उलट मागे पडायला लागतो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली, तर १० फेऱ्यांनंतर मऊ टायरवाला साडेपाच सेकंद पुढे. २० फेऱ्यांनंतर फक्त एक सेकंद पुढे. ३० फेऱ्यांनंतर साडेतेरा सेकंद मागे!

शर्यत १० फेऱ्यांची केली, तर प्रश्नच उरत नाही. सगळे मऊ टायर लावतील, पाय दाबतील, संपलं. ३० ची केली, की डोकं चालवावं लागतं: आत्ता पळू का, की टायर राखू? पिटमध्ये शिरून टायर बदलायला वीस-बावीस सेकंद जातात, ते परवडतात का? कधी?

हे नुसतं पाटीवरचं गणित नाही. २७ ऑक्टोबर २०१३ ला बुद्ध सर्किटवर सेबास्टियन व्हेटल सगळ्यांत पुढून निघाला, मऊ टायरवर. मऊ टायर त्या दिवशी लगेच मरणार हे त्याच्या रेड बुल संघाला माहीत होतं. त्याने काय केलं? दुसरी फेरी संपताच पिटमध्ये शिरला. पहिल्या नंबरवरून थेट मागच्या घोळक्यात. टीव्हीसमोर बसलेल्या माझ्यासारख्याला वाटलं, गाडीच बिघडली. मग पुढच्या ५८ फेऱ्यांत एकेक गाडी मागे टाकत तो पुढे आला, सुमारे तीस सेकंदांनी जिंकला, आणि त्याच दिवशी सलग चौथ्यांदा जगज्जेता झाला. त्याच शर्यतीत रोमँ ग्रोजाँ सतराव्या जागेवरून निघाला, एकदाच टायर बदलला, आणि तिसरा आला.

वीस फेऱ्यांच्या शर्यतीत हे दोन्ही डाव बसत नाहीत. व्हेटल दुसऱ्या फेरीला पिटमध्ये गेला असता तर मागेच राहिला असता, आणि ग्रोजाँ दहा-बारापर्यंत पोचेतो झेंडा पडला असता.

वजनाचंही असंच. २०१० पासून मध्येच पेट्रोल भरायला बंदी आहे, सगळं आधीच भरून निघायचं. २०१९ पासून २०२५ पर्यंत ती मर्यादा ११० किलोची होती, म्हणजे स्वयंपाकघरातल्या जवळपास आठ सिलिंडरांत मावणाऱ्या गॅसइतकं वजन. निघताना गाडी गाभण म्हशीसारखी, शेवटी हरणासारखी. एकाच चालकाला एकाच दुपारी दोन वेगळ्या गाड्या चालवाव्या लागतात.

४. आखूड शर्यतीचं खरं रूप

वडाळ्याला भक्ती पार्कच्या बाजूच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर मी भाच्याला घेऊन गेलो. हेल्मेट घातलं, जाळीदार टोपी आत सरकवली, दहा फेऱ्यांचं तिकीट. पहिल्या वळणाला भाचा माझ्या पुढे गेला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. उतरलो तेव्हा माझे हात सुटकेस उचलल्यासारखे थरथरत होते आणि नाकात जळक्या रबराचा वास होता. मी त्याच्यापेक्षा वाईट चालवत होतो असं मला वाटत नाही (त्याला वाटतं). पण दहा फेऱ्यांत पहिलं वळण हेच सगळं.

हिशेब बघा. समजा, एक चालक दुसऱ्यापेक्षा दर फेरीला सेकंदाच्या दहाव्या भागाने सरस आहे, पण सुटताना त्याचा क्लच फसला आणि तीन सेकंद गेले. ते भरून काढायला त्याला ३० फेऱ्या हव्यात. ६० फेऱ्यांच्या शर्यतीत तो अर्ध्यात गाठेल, बाकी अर्ध्यात जिंकेल. २० फेऱ्यांच्या शर्यतीत सरस असूनही हरेल. शर्यत जितकी आखूड, तितका सुरुवातीच्या जागेचा आणि नशिबाचा वाटा मोठा.

म्हणून आखूड शर्यत वाईट का? नाही. फॉर्म्युला वनने २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिली 'स्प्रिंट' घेतली, सुमारे १०० किलोमीटरची, आपल्या तीन खेपा. २०२२ पासून तिच्यात पहिल्या आठांना गुण मिळतात, जिंकणाऱ्याला आठ. मुख्य शर्यत जिंकली की पंचवीस. हे प्रमाण मला रास्त वाटतं.

आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाने ६ डिसेंबर २०२० ला साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, असं करणारा पहिला भारतीय. ती स्प्रिंट होती, १२० किलोमीटरच्या आसपास. फॉर्म्युला टूच्या स्प्रिंटमध्ये तेव्हा आदल्या दिवसाच्या शर्यतीतले पहिले आठ उलट्या क्रमाने उभे करायचे, आठवा पहिल्या जागेवर. म्हणजे लॉटरीच म्हणा ना! पण पुढच्या रांगेतली जागा मिळणं वेगळं आणि मागून येणाऱ्यांना ती शेवटपर्यंत न देणं वेगळं. जेहानने दिली नाही. पुढे २०२२ मध्ये मोंझाला त्याने लांब पल्ल्याची शर्यतही जिंकली, आणि माझ्या लेखी ती पावती मोठी.

आखूड शर्यत कशी चालवावी हे आपल्याकडच्या बैलगाडा शौकिनांना कुणी शिकवायला नको. जुन्नर-खेडकडच्या घाटात एक बारी काही सेकंदांत संपते. डोळ्यांचं पातं लवलं की गाडा वर. पण दिवसभर बाऱ्याच बाऱ्या होतात, आणि घड्याळ सगळ्यांना सारखं लागतं. सातारा-सांगलीकडे गट, मग सेमीफायनल, मग फायनल. एका धावेत नशीब फळलं तरी तीन धावांत फळत नाही. धाव छोटी करायची, तर धावा वाढवायच्या, हे तिथल्या कुणालाही विचारा. दीड तासाची शर्यत कापून अर्ध्या तासाची एकच ठेवू म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

५. मुंबईलाच संपली असती तर?

मोटारशर्यतींच्या इतिहासात मुंबईचं नाव एकदा ठळक आलंय, डिसेंबर १९६८ मध्ये.

२४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून लंडन-सिडनी मॅरेथॉन निघाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली, मुंबई. इथवरचे सुमारे ११ हजार किलोमीटर. आपल्या मापाने तीनशेवर खेपा, आणि त्याही काबूलच्या बाजूच्या खडकाळ रस्त्यांवरून. मुंबईला गाड्या 'चुसान' नावाच्या जहाजावर चढवल्या. जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमँटलला लागलं, आणि तिथून वाळवंट तुडवत सिडनी.

मुंबईला पहिला कोण होता? रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनात. शर्यत बंदरातच संपवली असती तर इतिहासात क्लार्क. पण ऑस्ट्रेलियात त्याची गाडी कुरकुरायला लागली. मग पुढे आला बेल्जियमचा लुसियाँ बियांकी, त्याच वर्षी ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला. सिडनी दीडशे-एक किलोमीटरवर राहिलं होतं, आणि उघड्या रस्त्यावर समोरून आलेली एक साधी मिनी त्याच्या सिट्रोएनवर आदळली. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्कने स्वतःची जिंकायची संधी सोडून मदतीला गाडी थांबवली. १७ डिसेंबरला सिडनीला पहिला आला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर या घरगुती गाडीत. हंटर म्हणजे काही रेसिंगची राणी नव्हे. पण ती मोडली नाही.

मुंबईला थांबवली तर सर्वांत वेगवान जिंकतो, सिडनीला थांबवली तर सर्वांत टिकाऊ. भाचा म्हणाला, "मग बियांकी तर नशिबानेच हरला की." खरंय. म्हणून लांबी वाढवली की नशीब संपतं असं मी म्हणत नाही. त्याची जागा बदलते. पहिल्या वळणावरचं नशीब जातं आणि समोरून येणाऱ्या मिनीचं नशीब येतं.

लांब शर्यतींचा आपल्या रोजच्या गाडीशीही संबंध आहे. १९५३ मध्ये जॅग्वारने ल माँ जिंकली ती डिस्क ब्रेक लावून. दर फेरीला लांबलचक सरळ रस्त्यावरून येऊन करकचून दाबायचे, आणि असं चोवीस तास. ड्रम ब्रेक तापून सुस्तावायचे, डिस्क नाही. वीस मिनिटांच्या शर्यतीत हा फरक इतका उघडा पडला नसता. आज तुमच्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाला ती चकती आहे.

६. मग आखूड करायचीच कधी?

जिथे माणूस तुटतो तिथे. इथे मला कसलाही संकोच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवरच मोटारसायकलींच्या मोटोजीपीची भारतातली पहिली शर्यत झाली. दिल्लीकडचा सप्टेंबर म्हणजे उष्मा आणि घाम. मुख्य शर्यत २४ फेऱ्यांची होती, उकाड्यामुळे २१ केली. स्प्रिंटही १२ वरून ११. तरी दुसरा आलेला होर्हे मार्तिन अंगातलं पाणी संपून इतका बेजार झाला, की शर्यतीनंतर त्याला डॉक्टरांच्या हवाली करावं लागलं. चामड्याचा अंगभर सूट, पोटाखाली तापलेलं इंजिन. २४ फेऱ्या केल्या असत्या तर? तीन फेऱ्या कापल्याने खेळ अशुद्ध झाला, असं कुणी म्हणालं तर त्याला मेच्या दुपारी देवनार डेपोच्या स्टॉपवर अर्धा तास उभं करावं.

दोनच आठवड्यांनी कतारची फॉर्म्युला वन शर्यत. एस्तेबान ओकोंला चालवताना हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली. या शर्यतीत एक गोम आहे. टायर फाटण्याच्या भीतीने एका संचावर १८ पेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, असा हुकूम होता. टायर राखायची गरजच उरली नाही. ५७ फेऱ्या सगळे पाय दाबूनच चालवत राहिले, जणू एकाला एक जोडलेल्या स्प्रिंट. एरवी टायर राखताना चालकाला दम खायला मिळतो, तो त्या रात्री मिळाला नाही. आखूड तुकडे म्हणजे अंगाला सोपं, हा समज तिथे फुटला.

विजेवरच्या गाड्यांचं आणखी निराळं. फॉर्म्युला ई च्या सुरुवातीच्या हंगामांत बॅटरी अर्ध्यातच संपायची. चालक पिटमध्ये येऊन चक्क दुसऱ्या गाडीत उडी मारायचा. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामापासून एकाच गाडीत पाऊण तासाची शर्यत पुरी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागराच्या काठी झालेली शर्यत तशीच होती; मुंबईच्या महिंद्राचा संघही तीत होता. तिथे लांबी बॅटरीने ठरते, माणसाच्या कंटाळ्याने नाही.

७. कंटाळ्याचं काय?

भाच्याचा मूळ मुद्दा हाच होता, तो मी टाळत होतो.

कंटाळा लांबीने येत नाही, पुढची गाडी गाठता येत नाही म्हणून येतो. वेगवान गाडीच्या मागे हवा अशी ढवळलेली असते, की मागच्या गाडीचे पंख नीट काम करत नाहीत आणि वळणावर ती घसरते. सिनेमात तीन तास बसतो आपण, कारण पुढे काय होणार हे माहीत नसतं. गोष्ट कळली की पंधरा मिनिटंही जास्त. मोनॅकोत ओव्हरटेक जवळपास अशक्य; २०२५ मध्ये तिथे दोन वेळा टायर बदलायची सक्ती करून बघितली, फारसं जमलं नाही. ती शर्यत निम्मी केली, तरी निम्मा वेळ मिरवणूकच बघायची.

आणि लांब शर्यत काय देऊ शकते? जून २०११, मॉन्ट्रियल. पावसाने मध्ये दोन तासांवर खोळंबा, एकूण ४ तास ४ मिनिटं, फॉर्म्युला वनची सर्वांत लांबलेली शर्यत. जेन्सन बटन दोनदा इतर गाड्यांशी भिडला, दंड झाला, एका टप्प्यावर सगळ्यांत शेवटी होता. शेवटच्या फेरीत व्हेटलचं चाक ओल्या पट्ट्यावर घसरलं आणि बटन पुढे गेला. याच्या उलट ऑगस्ट २०२१, बेल्जियमचं स्पा. दिवसभर पाऊस, लोक चिखलात बसून. संध्याकाळी वेग आवरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे काही फेऱ्या काढल्या, त्यांतल्या एकीचा निकाल धरला, सात किलोमीटरांहूनही कमी. निम्मे गुण वाटले. फॉर्म्युला वनच्या इतिहासातली ती सर्वांत आखूड शर्यत, आणि तिच्याइतकी कंटाळवाणी मी दुसरी पाहिली नाही.

मॉन्ट्रियलच्या शेवटच्या तीस फेऱ्या मी भाच्याला दाखवल्या. मोबाइल निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, मी त्याला फ्रीवेवरून एक खेप मारून आणली, हिशेब अंगाला लागावा म्हणून. जाताना अठरा मिनिटं. येताना ऑरेंज गेटच्या अलीकडे ट्रक आडवा झालेला, बावन्न मिनिटं. घराखाली गाडी लावली तेव्हा तो सीटवर मान टाकून बसला होता.

"मामा," तो म्हणाला, "अजून आठ?"